चर्चच्या बाई

बाई देव मानत नसत, आणि तरीही आमच्या गावातल्या चर्चचं दार रोज सकाळी दहाला त्याच उघडत. रविवारच्या उपासनेला त्या कधी बसल्या नाहीत. आत लोक प्रार्थना करत असले की या बाहेर लिंडनच्या झाडाखाली बाकावर सफरचंद कापून खात बसत, आणि शेवटचं गाणं संपलं की मेणबत्त्या विझवायला आत येत. एखादा पाहुणा भारावून म्हणाला, "तुमची श्रद्धा फार मोठी असणार," तर त्याला तिथंच थांबवत. "देव असेलच, तर त्याला माझी गरज नाही. छपराला आहे."

त्यांचं नाव फ्राऊ क्यूनेल. 'बाई' हे आमच्या घरातलं नाव. त्या मुळात शाळामास्तरीण, आणि मी साताऱ्याच्या शाळेत शिकलेली. जिच्यासमोर उभं राहिलं की पाठ आपोआप ताठ होते, तिला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

दोन हजार दोनच्या सुमारास आम्ही त्या गावात राहायला गेलो. संदीपची नोकरी ड्रेस्डेनला, चिप बनवणाऱ्या कंपनीत. शहरात मनासारखं घर मिळेना, म्हणून रीजनल ट्रेननं पाऊण तासावरचं हे छोटं गाव आम्ही निवडलं. एक चौक, एक बेकरी, एक शाळा आणि टेकाडावर ल्यूथरपंथी चर्च. मी पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून आले होते. जर्मन येत नव्हतं. मुक्ता चार वर्षांची होती. दिवस फार मोठे वाटायचे.

बाईंची पहिली भेट मुक्तामुळे झाली. फिरताना तिला अचानक सू लागली. चर्चचं दार उघडं दिसलं, म्हणून मी तिला घेऊन आत धावले. करड्या स्वेटरातल्या एक उंच, सडपातळ बाई टेबलामागून उठल्या. माझ्या मोडक्या जर्मनचा अर्थ त्यांना लगेच कळला.

"टॉयलेट समोरच्या बेकरीत आहे," त्या म्हणाल्या. "इथे इतिहास आहे. आधी तिकडे जाऊन या."

आम्ही खरोखर परत गेलो. का गेलो, ते सांगता येणार नाही. परत या असं कुणीतरी सांगितलं होतं, एवढंच कदाचित.

बाईंचं जर्मन सॅक्सनीतलं, तोंडात घोळवलेलं. 'हो' म्हणायचं असलं की त्या 'नू' म्हणत. मला तो नकार वाटायचा. पहिले काही आठवडे मी त्यांना विचारायचे, "इथे बसू का?" त्या म्हणायच्या, "नू." मी उभीच. शेवटी त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला भाषा शिकवते, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण जर्मनमधल्या नामांची लिंगं मी त्या चर्चमध्येच शिकले. देअर टुर्म, तो मनोरा. डी ग्लोके, ती घंटा. दास दाख, ते छप्पर. मी चुकले की बाई दुरुस्त करत नसत. मी थांबायची नुसती वाट पाहत, भुवया किंचित वर करून, आणि मला माझी चूक आपोआप ऐकू यायची. मुक्ता बालवाडीत जायला लागली आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली, तेव्हा तिला रागावल्या त्याही बाईच. "आईनं ज्या भाषेत विचारलं, त्या भाषेत उत्तर दे," असं त्या तिला जर्मनमध्ये दटावत. आमच्या घरात मराठी टिकली त्याचं थोडं श्रेय या सॅक्सन बाईंना आहे.

माझे शंकरपाळे त्यांना आवडत. रानगुलाबाच्या फळांच्या आंबट चहात ते बुडवून खात आणि दर वेळी विचारत, "हे नाताळचं आहे का?" मी म्हणायचे, दिवाळीचं. "मग नाताळचंच," त्या म्हणत. "हिवाळ्यात गोड खायला काहीतरी कारण लागतं."

चर्च दाखवायची त्यांची एक पद्धत होती. पाहुणा आला की त्याला वेदीकडे जाऊच देत नसत. आधी अगदी मागच्या बाकावर, एका जाड खांबामागे बसवत. तिथून वेदी दिसत नाही, प्रवचन देणारा पाळक दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ती मोलकरणींची आणि गड्यांची जागा. पुढे कापडाच्या व्यापाऱ्यांची कुटुंबं काचेच्या खिडक्या असलेल्या लाकडी खोल्यांत बसायची, थंडीत पायाशी शेगडी घेऊन. बाई म्हणत, "इतिहास मागच्या बाकावरून बघायचा. पुढच्या बाकावरच्यांनी तो आधीच लिहून ठेवलेला असतो."

मग त्या सांगायला लागत. चर्च बांधलं तेव्हा ते कॅथलिक होतं. काही वर्षांत ल्यूथरचे विचार गावात पोचले आणि भिंतींवरच्या संतांवर चुना चढला. चुना लावणारे घाईत होते, त्यामुळे एका खांबावर एका संताचा हात तेवढा राहून गेला, कोपरापासून बोटांपर्यंत. कुणाचा ते आता कुणालाच सांगता येत नाही. पुढे गावाला आग लागली तेव्हा लोकांनी घरं सोडून आधी चर्चवर पाणी मारलं. पुढे युद्ध आलं आणि तोफा ओतायला घंटा उतरवून नेल्या. त्या दिवशी गावातल्या बायका चौकात रडत उभ्या होत्या. बाईंची आजी त्यांत होती. आणि ल्यूथर काय म्हणाला, हेही त्या नीट सांगत. माणूस कितीही चांगला वागला तरी देवाची कृपा कमावता येत नाही, ती मिळते. एवढं सांगून बाई थोडं थांबत आणि म्हणत, "मला स्वतःला हे पटलेलं नाही. न कमावलेलं घ्यायचं कसं?"

त्यानंतर त्या एकदम नव्या छपरावर येत. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पैसे मिळाले, सुतार आले, कौलं आली. बराच काळ माझ्या लक्षात आलं नाही, पण भाषा कळायला लागली तशी ती फट मला दिसायला लागली. एकदा पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "आणि मधली चाळीस वर्षं? पूर्व जर्मनीची?"

"तेव्हा छप्पर गळत होतं," बाई म्हणाल्या आणि कपबशा उचलायला लागल्या.

एक-दोन वर्षांनी चर्चला पाचशे वर्षं पूर्ण होणार होती. नवे पाळक पश्चिमेकडून आलेले, तरुण, सायकलवरून फिरणारे. त्यांनी ठरवलं की समारंभात चर्चचा इतिहास बाईंनीच सांगायचा. "सगळा सांगा," ते म्हणाले. "तुमच्या काळातलाही." बाई 'नू' म्हणाल्या, पण त्या वेळी त्यांच्या 'नू'चा अर्थ मला पुन्हा कळेनासा झाला.

त्याच शरद ऋतूत जुन्या पाळकांची विधवा वारली. गावातल्या दफनभूमीत तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि बाई चर्चमध्ये चहा घेत होतो, तेव्हा काळा कोट घातलेली चाळिशीची एक बाई आत आली. तिनं आमच्याकडे न पाहता पूर्ण चक्कर मारली आणि मधोमध उभी राहून वर पाहिलं.

"छप्पर चांगलं झालंय," ती म्हणाली.

"नू," बाई म्हणाल्या. त्या केव्हा उभ्या राहिल्या, ते मला कळलंच नव्हतं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना सरळ होते, वर्गात साहेब तपासणीला यावेत तसे.

"बाबांना बरं वाटलं असतं."

"नू."

"येते, फ्राऊ क्यूनेल."

ती गेली. बाई पुष्कळ वेळ बसल्याच नाहीत. मग बसल्या आणि कुणी न विचारता बोलायला लागल्या. त्यांच्याकडून इतकं सलग बोलणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"ही क्रिस्टिआने. आमच्या जुन्या पाळकांची मुलगी. माझ्या वर्गात होती."

बाई शाळेत जर्मन आणि नागरिकशास्त्र शिकवत. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होत्या, आणि मनापासून होत्या. त्या काळात चौदाव्या वर्षी सगळी मुलं सरकारी समारंभात राज्याशी निष्ठेची शपथ घेत. पाळकांच्या मुलीनं ती घेतली नाही. तिनं चर्चमध्ये कन्फर्मेशन, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची दीक्षा, घेतलं. वर्गात ती पहिली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी वरच्या शाळेत प्रवेश लागे आणि प्रवेशासाठी वर्गशिक्षिकेचा शेरा.

"मी लिहिलं, मुलगी अतिशय हुशार आहे, पण समाजाविषयीची तिची भूमिका पुरेशी पक्की नाही. एवढं पुरत असे."

"तुमच्यावर दबाव असेल," मी म्हटलं.

"हेडमास्तर म्हणाले होते, विचार करून लिहा. मी विचार करून लिहिलं. चांगल्या अक्षरात. त्या दिवशी मला शांत झोप लागली." त्यांनी थर्मासचं झाकण हातात घेतलं होतं, ते लावायचं त्या विसरल्या. "ती नर्स झाली."

मग बर्लिनची भिंत पडली. नागरिकशास्त्र हा विषयच राहिला नाही आणि बाईंनाही शाळेतून काढून टाकलं. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, गावात निम्मे लोक पूर्वी घाबरून बोलायचे ते आता बोलेनासे झालेले. अशात एक दिवस जुने पाळक त्यांचा जिना चढून वर आले. म्हणाले, चर्च दिवसा उघडं ठेवायचंय, बेकारांसाठीच्या सरकारी योजनेतून वर्षभर पगार मिळेल, तुम्हाला सांगता चांगलं येतं.

"मी म्हटलं, मी देव मानत नाही. ते म्हणाले, देवाचं मी बघतो, तुम्ही दार बघा. आणि किल्ली टेबलावर ठेवली."

वर्ष संपलं, पगार संपला, बाई येत राहिल्या. जुने पाळक रोज भेटत, हवापाण्याचं बोलत. मुलीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. "मी वाट पाहायचे," बाई म्हणाल्या. "आज विचारतील, उद्या विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मग ते वारले."

घरी येऊन मी संदीपला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपण तिथे असतो तर काय लिहिलं असतं, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही." मलाही सांगता येत नव्हतं. पण त्या मुलीच्या जागी मला मुक्ता दिसायला लागली होती, आणि चार-सहा दिवस मी टेकाडाकडे फिरकले नाही. मग एका सकाळी मुक्ताच म्हणाली, मराठीत, "बाईंकडे का जात नाही आपण?" मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि गेले.

बाईंनी मी का आले नव्हते ते विचारलं नाही. म्हणाल्या, "मला तिच्याकडे जायचंय. एकटीनं जाता येईलसं वाटत नाही."

क्रिस्टिआने शेजारच्या शहरात एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. आम्ही बसनं गेलो. बाईंनी स्वेटरऐवजी निळा कोट घातला होता. कँटीनमध्ये ती आमच्यासमोर बसली तेव्हा बाईंनी सुरुवात केली, "क्रिस्टिआने, तू..."

"तुम्ही," ती शांतपणे म्हणाली. "मला तुम्ही म्हणा."

शाळेत मुलांना 'तू'च म्हणतात. बाईंनी मान खाली घातली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तुम्ही म्हणून. त्यांनी सांगितलं की समारंभात त्यांना त्या चाळीस वर्षांबद्दल बोलायचं आहे, तो शेरा सांगायचा आहे आणि तिची परवानगी हवी आहे. माफी हा शब्द त्यांनी काढला नाही. मला वाटतं, तो काढायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं.

क्रिस्टिआने कॉफी ढवळत राहिली. "बाबांनी तुमच्याबद्दल घरात कधी वाईट बोलू दिलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला किल्ली दिली तेव्हा मी त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. त्यांनी तुम्हाला माफ केलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. नुकसान माझं झालं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. 'नू' नव्हे, स्वच्छ पुस्तकी जर्मन 'या'.

"सांगायचं तर सांगा. नावही घ्या. पण 'परिस्थिती' हा शब्द नको. आणि कर्मणी प्रयोग नको. प्रवेश नाकारला गेला, शेरा लिहिला गेला, हे मी इतकी वर्षं ऐकतेय. वाक्यात कर्ता शोधा, असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "व्याकरण चांगलं लक्षात ठेवलंय तिनं." आणि रुमाल काढून नाक पुसलं.

समारंभाच्या दिवशी चर्च भरलं होतं. मी एरवी तिथे एवढी माणसं पाहिली नव्हती. नाताळला येणारे, कधीच न येणारे, फक्त केकसाठी आलेले, सगळे. पुढच्या रांगेत जुने हेडमास्तर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. चौकात भेटले की ते आणि बाई इतकी वर्षं एकमेकांना अदबीनं नमस्कार करत. गावात बाईंचे जुने सोबती म्हणावेत असे मोजकेच उरले होते, ते त्यांतले एक. क्रिस्टिआने दिसत नव्हती.

बाईंनी नेहमीप्रमाणे मागच्या बाकापासून सुरुवात केली. संताचा हात, आग, घंटा. लोक ओळखीचं ऐकत हसत होते. मग त्या म्हणाल्या, "आता ती चाळीस वर्षं. ती मी आजवर सांगितली नाहीत." आणि सांगितलं. मी शिकवत होते. मी त्या मुलीला ओळखत होते. मी शेरा लिहिला. मला कुणी धमकी दिली नव्हती. ती डॉक्टर झाली नाही, याला मी कारण आहे. तिच्या वडिलांनी मला या चर्चची किल्ली दिली, आणि ते असेपर्यंत मी त्यांना हे सांगितलं नाही.

हेडमास्तरांचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण ते उठले आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. फरशीवर काठीचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. आणखी काही जण उठले. कुणीतरी पुटपुटलं, "आजच्या दिवशी हे कशाला." बाई ते सगळे बाहेर जाईपर्यंत थांबल्या. नंतर छपरावर आल्या आणि भाषण संपवलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. मग वाजल्या नाहीत.

लोक केक खायला बाहेर गेले. वरच्या सज्ज्याच्या जिन्यावरून क्रिस्टिआने खाली आली. ती तिथे बसली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. जास्तीच्या आणलेल्या खुर्च्या तिनं एकावर एक रचायला सुरुवात केली. बाईंनीही दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. दोघी भिंतीशी पोचल्या, तेव्हा क्रिस्टिआनेनं हात पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि लगेच सोडला.

त्यानंतरचा हिवाळा बाईंना कठीण गेला. हेडमास्तर त्यांना पाहून रस्ता ओलांडायला लागले. "एकीनं स्वतःचं मन हलकं केलं आणि आम्हा सगळ्यांना चिखलात उभं केलं," असं ते बेकरीत म्हणाले, ते बेकरीतल्या बाईनं आम्हाला सांगितलं. दोन जुन्या शिक्षिकांनी बाईंना वाढदिवसाला बोलवणं बंद केलं. उलट कधी न बोलणारा एक सुतार आपणहून येऊन चर्चच्या दाराची बिजागरी नीट करून गेला. तोही कधीकाळी वरच्या शाळेत जाऊ शकला नव्हता. त्याचा शेरा कुणी दुसऱ्यानंच लिहिला होता.

वसंतात क्रिस्टिआनेचा फोन आला. ती चाळीस वर्षं बाईंनी सांगायची नाहीत, ती स्वतः सांगेल. महिन्यातून एका शनिवारी येईल. तेव्हापासून त्या शनिवारी एक वेगळंच दृश्य दिसायचं. बाई घंटेपर्यंतचा इतिहास सांगायच्या आणि मग स्वतः त्या खांबामागच्या बाकावर जाऊन बसायच्या, हात मांडीवर घेऊन, विद्यार्थ्यासारख्या. आणि क्रिस्टिआने सांगायची. हिवाळ्यात सज्ज्याखालच्या छोट्या खोलीत शेगडीभोवती कशी दहा-बारा माणसं जमायची. बाबा स्वतः छपरावर चढून डांबरी कागद कसे ठोकायचे आणि आई खाली शिडी धरून कशी शिव्या द्यायची, पाळकाची बायको असून.

एका शनिवारी बाईंनी हात वर केला. खरोखरच वर केला.

"डांबरी कागद तुम्हाला मिळायचा कुठून? तेव्हा काहीच मिळत नसे."

क्रिस्टिआने जरा घुटमळली. "बाबांनी सांगू नका म्हटलं होतं. पण आता काय. हेडमास्तर द्यायचे. हातगाडीवर, बटाट्यांच्या खाली लपवून. भरदिवसा, चौकातून."

बाईंनी हात खाली घेतला. मग हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मला म्हणायचे, विचार करून लिहा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या हेडमास्तरांच्या दाराशी गेल्या. पडद्यामागे माणूस दिसत होता, दार उघडलं नाही. बाई बराच वेळ थांबून परत आल्या. "त्यांनी चांगलं केलं ते लपवलं, मी वाईट केलं ते," त्या मला म्हणाल्या. "लपवायची सवय मात्र दोघांना एकाच शाळेत लागली."

दोन हजार नऊमध्ये संदीपच्या कंपनीत माणसं कमी केली. त्याला एश्बॉर्नला, फ्रँकफुर्टजवळ, दुसरी नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा बाई नेहमीसारख्याच टेबलामागे होत्या. मुक्ता त्यांना बिलगून रडली. बाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं, थोडं अवघडूनच. मुलांना जवळ घ्यायची त्यांना सवय नव्हती. मला म्हणाल्या, "तिथे सगळ्या इमारती काचेच्या असतात म्हणे. बघायला सोपं, राहायला गरम." आणि जरा थांबून, "तू येत जा." सात वर्षांत पहिल्यांदा 'तू'. जर्मन माणूस ते सहज म्हणत नाही, आणि बाई तर मुळीच नाही. मी त्यांना काही म्हणायच्या आतच त्या कपबशा उचलायला लागल्या.

त्याच वर्षी नाताळच्या आधी क्रिस्टिआनेचा फोन आला. सकाळी चर्चचं दार उघडलं नाही म्हणून सुतार बाईंच्या घरी बघायला गेला होता. हृदय बंद पडलं होतं.

अंत्यविधीला आम्ही तिघं गेलो. बाईंनी सांगून ठेवलं होतं, चर्चमध्ये नको, प्रार्थना नको. दफनभूमीतल्या साध्या दालनात सगळं झालं. तरुण पाळक झगा न घालता, साध्या कोटात, मागे उभे होते. क्रिस्टिआने बोलली, अगदी थोडं. "त्यांनी माझं नुकसान केलं," ती म्हणाली, "आणि तसं माझ्यासमोर, गावासमोर सांगितलं. पहिली गोष्ट करणारे मला पुष्कळ भेटले." पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. संदीपनं मुक्ताचा हात धरला होता. मी रडले, अगदी मराठीत रडावं तशी, आवाज करून. आजूबाजूच्या शांत माणसांत ते कसं दिसलं असेल कोण जाणे.

आता क्रिस्टिआने, सुतार आणि बेकरीतली बाई पाळीपाळीनं दार उघडतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक आठवडा ती पाळी माझी असते. मुक्ताही येते आणि मी इतिहास सांगताना माझ्या नामांची लिंगं दुरुस्त करते, भुवया वर न करता, सरळ तोंडावर.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी चर्च रिकामं होतं. काठीचा आवाज आला आणि दारात जुने हेडमास्तर दिसले, फार थकलेले. ते इकडेतिकडे न बघता मागच्या बाकाकडे गेले, खांबामागे, आणि उभेच राहिले. मी जवळ गेले. त्यांनीच विचारलं, "किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"पाचपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग वेळ आहे," ते म्हणाले, आणि टोपी काढून बसले.